लहानपणचा सिनेमा पोरांना दाखवायचाय? आधी तोंडात भडंग भरा

परवाच्या पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर पडली, शाळांना सुट्टी लागली आणि कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात चार पोरं कोंडली. दोन माझी, दोन बहिणीची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मोबाईलवरून तीन भांडणं झाली आणि एकानं दुसऱ्याच्या दंडाला चावा घेतला. मग मी जाहीर केलं, रात्री जेवणं उरकली की सगळ्यांनी बसून ‘अशी ही बनवाबनवी’ बघायचा. तेरा वर्षांचा भाचा मान वर न करता म्हणाला, "मामा, त्यो मीमवाला पिक्चर व्हय?"

व्हय, त्योच. पोरांना त्याचे पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे पाठ आहेत. अख्खा सिनेमा चौघांतल्या एकानंही बघितलेला नव्हता.

लहानपणी आवडलेला सिनेमा पोरांना दाखवायचा खटाटोप मी याआधी तीनदा केलाय आणि त्यात दोनदा तोंडावर आपटलोय. एकदा तर अर्ध्या तासात पोरं झोपली आणि मी एकटाच शेवटपर्यंत बघत बसलो, पैसे दिलेत तर बघू म्हणून. सिनेमा खरंच वाईट होता. तीस वर्षं मी त्याचं कौतुक कशाच्या जोरावर करत होतो कोण जाणे. तेव्हा या वेळी जरा अक्कल वापरली, आणि जमलं. कसं जमलं ते सांगतो.

पहिला घोळ निवडीतच होतो. आपल्याला सिनेमा आठवतो, की तो बघितला त्या दिवसाची मजा आठवते, हे आधी तपासा. कागद घ्या आणि त्या सिनेमातले तीन प्रसंग लिहून काढा. लिहिताना टॉकीजमधली लाकडी खुर्ची, मध्यांतरातला वडा, आजीच्या मांडीवर लागलेली झोप असलंच हाताला येत असेल, तर सिनेमाला हात लावू नका, तो आठवणीतच बरा आहे. पण प्रसंगातल्या माणसाला काय पाहिजे होतं आणि ते का मिळत नव्हतं, एवढं जर दोन ओळींत सांगता आलं, तर पुढं चला. बनवाबनवीचं तर एका ओळीत सांगता येतं. पुण्यात चौघांना राहायला जागा पाहिजे, घरमालकीण देणार फक्त लग्न झालेल्या जोडप्यांना, म्हणून चौघांतले दोघं साडी नेसतात.

दुसरी परीक्षा मी मामाच्या दुकानात शिकलो. मामा व्हिडिओ भाड्यानं द्यायचा. एका रात्रीला व्हीसीआर, रंगीत टीव्ही आणि तीन कॅसेट. मी तेव्हा चौथी-पाचवीत. गिऱ्हाइकाकडं मामा हातगाडीवरून टीव्ही न्यायचा आणि मागनं मी सायकलच्या कॅरिअरला गोधडीत बांधलेला व्हीसीआर. सकाळी परत आलेल्या कॅसेट तपासायचं काम माझं. टेप मुरगळलीय का, बुरशी धरलीय का, चित्र हलतंय का. कोल्हापूरच्या पावसात कॅसेटला बुरशी लई लौकर धरायची, आणि तसली कॅसेट लावली की व्हीसीआरचं हेड भरून पडदाभर मुंग्या. शेजारी दवाखाना होता, त्यामुळं टीव्हीचा आवाज कायम बंद. म्हणजे मी शेकडो सिनेमे मुके बघितलेत. त्यातले बरेच आवाज बंद केला की मरायचे. नुसती माणसं उभी राहून तोंड हलवतायत. बनवाबनवी मात्र मुका पण हसवायचा. दारावर कुणीतरी आलंय, आतला एकजण पदर शोधतोय, दुसरा दारातल्या माणसाला बोलण्यात गुंतवतोय, तिसऱ्याला यातलं काहीच माहीत नाही आणि तो भलत्या दारानं आत येतोय. हे कळायला शब्द कशाला पाहिजेत?

तुम्हीही पोरांना दाखवायच्या आधी एकटे बसून मधली पंधरा-वीस मिनिटं आवाज बंद करून बघा. कुणाला काय पाहिजे आणि कोण कुणाला घाबरतंय हे कळलं, तर सिनेमा टिकलाय.

आमच्या दुकानातल्या त्या कॅसेटची एक भानगड होती, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीला प्लॅस्टिकची एक बारकी पट्टी असायची. ती मोडली की त्या कॅसेटवर नवं रेकॉर्डिंग होत नाही. पण मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की परत होतं. हा शोध कुठल्यातरी शूटिंगवाल्या गिऱ्हाइकाला लागला होता. त्यामुळं डोहाळजेवणाचं ‘कुणीतरी येणार येणार गं’ हे गाणं संपतं न संपतं तोच पडद्यावर खरखर व्हायची आणि थेट कुणाच्यातरी घरातलं बारसं सुरू व्हायचं. पाळणा, फुगे, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या, पेढे खाणारे एक जाडजूड काका, आणि कॅमेऱ्याकडं बघून लाजणारी एक मावशी. आता मला सांगा, डोहाळजेवणानंतर बारसं लागलं तर नऊ वर्षांच्या पोरानं काय समजायचं? मला कित्येक वर्षं वाटायचं की लक्ष्मीकांत बेर्डेला खरंच बाळ झालं आणि तो जाडजूड माणूस म्हणजे सासरकडचा कुणीतरी. पुढं कधीतरी टीव्हीवर सिनेमा पुरता लागला तेव्हा शेवट कळला, आणि खरं सांगू, जरा नाराजच झालो. आमचा शेवट बरा होता.

पण यातलं महत्त्वाचं वेगळंच. शेवट कापलेला असून ती कॅसेट कधी फळीवर राहिली नाही. लोक सकाळी येऊन मामाला शिव्या द्यायचे आणि पुढच्या शनिवारी तीच मागायचे.

थोडं आमच्या गावाबद्दल, कारण कोल्हापूरचा माणूस सिनेमाबद्दल बोलायला लागला की त्याला वाटतं हा आपल्या घरचाच विषय. वाटायला कारणही आहे. बाबुराव पेंटरांनी इथं स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ काढला, 1920 साली. 1929 ला प्रभात कंपनी इथंच निघाली, 1932 चा पहिला मराठी बोलपट इथंच झाला आणि मग 1933 ला प्रभात पुण्याला गेली. ते पुण्याला जाणं आमच्यातल्या काही म्हाताऱ्यांनी अजून मनावर घेतलंय. प्रभातच्या भागीदारांतले व्ही. शांताराम मूळचे कोल्हापूरचे, आणि 1988 चा बनवाबनवी त्यांच्या चिरंजीवांनी, किरण शांताराम यांनी काढलेला. दिग्दर्शन सचिनचं. तेव्हा पिक्चर पुण्यातला असला तरी नाळ इकडं आहे, असं मामा ठासून सांगायचा. शिवाय पुण्याचा घरमालक पडद्यावर फजीत होताना बघायची आम्हा कोल्हापूरकरांना वेगळीच गोडी, ती पण कबूल करतो.

आता प्रत्यक्ष दाखवायचं कसं.

प्रत नीट शोधा. कुणीतरी चोरून चढवलेली, कडेला जाहिरात चिकटवलेली, चौकटीत चौकट असलेली प्रत घेऊ नका. आणि टीव्ही लावला की आधी चित्राच्या सेटिंगमध्ये जा. पडदा पूर्ण भरावा म्हणून बरेच जण ‘झूम’ करून ठेवतात. त्यात वरचं-खालचं कापलं जातं. या सिनेमात वर कापलं की डोक्यावरचा पदर जातो आणि खाली कापलं की चाल जाते. पार्वतीची, म्हणजे साडीतल्या लक्ष्मीकांतची, अर्धी गंमत गुडघ्याच्या खाली आहे! नऊवारी-सहावारीतला गडी तालमीतून आल्यासारखा चालतोय, मधेच त्याला आठवतं आणि पावलं बारीक होतात. ते दिसलं पाहिजे. कडेला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्यात. नवीन टीव्हीत ‘मोशन’ नावानं हालचाल गुळगुळीत करायची सोय असते, तीही बंद करा. नाहीतर जुना सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

आवाजाचं आमच्याकडं वेगळंच दुखणं. वर पत्रा, त्यावर जुलैचा पाऊस. जुन्या सिनेमाचा आवाज मोनो, म्हणजे सगळा एकाच वाटेनं येणारा असतो, त्याला सराउंड-बिराउंड लावलं की संवाद विहिरीतनं आल्यासारखे येतात. बातम्यांसाठी किंवा बोलण्यासाठी म्हणून जी सेटिंग असते ती लावा. गाण्याला जरा कोरडं वाटेल, पण वाक्यं ऐकू येतील, आणि हा सिनेमा वाक्यांवर उभा आहे. संवाद वसंत सबनिसांचे, म्हणजे ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या माणसाचे. वगातल्यासारखं एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं खाली पडायच्या आत उचलायचं. मधला एक शब्द पावसात गेला तर पुढची तीन वाक्यं वाया.

मध्यांतर घ्याच. पोरांना सलग बसवू नका.

आता सगळ्यात अवघड भाग, म्हणजे आपण स्वतः. ज्या दोन वेळा सिनेमे पडले त्याला निम्मं कारण मी होतो. "आता बघ हं", "आता येतंय बघ", "हे लई भारी आहे". पोरं पडद्याकडं बघायची सोडून माझ्याकडं बघायला लागली, आणि विनोद आला तेव्हा तो आधीच शिळा झालेला. पाठ असलेली वाक्यं नटाच्या आधी म्हणणारा माणूस घरात असला की सिनेमा संपलाच. या वेळी बायकोनं उपाय काढला. परातभर भडंग केलं. चिरमुरे, भरपूर लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, चटणी, वर चिमूटभर साखर. आणि मला सांगितलं, "तोंड मोकळं ठेवायचं न्हाई." ज्या ज्या वेळी मला बोलावंसं वाटलं त्या त्या वेळी मी बकाणा भरला. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं, पण सिनेमा वाचला.

सुरू करायच्या आधी पोरांना एकच गोष्ट सांगितली. एकट्या पोरांना भाड्यानं खोली मिळायची नाही, फॅमिली पाहिजे म्हणायचे. यावर भाच्यानं विचारलं, "आता मिळती व्हय?" त्याची चुलत बहीण पुण्यात शिकायला आहे, तिनं चार महिन्यांत तीन खोल्या बदलल्यात, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणजे मी इतिहास म्हणून सांगायला गेलो आणि त्यानं तो चालू घडामोडीत नेऊन टाकला. मला वाटतं सिनेमा टिकायचं मूळ इथं आहे. साडी नेसलेला पुरुष आपल्याला नवा नाही. गवळणीतली मावशी पुरुषच, बालगंधर्वांची भामिनी पुरुषच, आणि आमचे केशवराव भोसले तर लहानपणी स्त्रीपार्ट करूनच गाजले. नुसत्या साडीवर कोण किती वेळ हसणार? पण डोक्यावरचं छप्पर जाईल ही त्या चौघांची भीती खरी आहे. पदर सावरताना हात थरथरतो तो त्या भीतीनं, आणि हसू येतं ते त्या थरथरण्याचं. मामाच्या दुकानात आवाज बंद असताना मला जे कळत होतं ते हेच, तेव्हा सांगता आलं नसतं एवढंच.

सिनेमा चालू झाला की तुम्ही पडदा बघू नका. तुम्हाला पाठच आहे. पोरांची तोंडं बघा. ज्याचं मीम होतं ते वाक्य आलं तेव्हा पोरं ओळख पटल्यासारखी हसली आणि गप्प झाली. खरा धमाका भलतीकडंच झाला, सुधीर जोशींच्या सरपोतदारांच्या प्रसंगाला. सरपोतदार म्हणजे आधीच्या खोलीचे घरमालक. त्यांच्या मधुमेहावर इस्राईलहून औषध मागवतो म्हणून चौघांतल्या धनंजय मानेनं, म्हणजे अशोक सराफनं, सत्तर रुपये घेतलेत, आणि आता ते सत्तर रुपये ‘वारले’. धाकटा सात वर्षांचा. त्याला ‘वारले’ शब्दच माहीत नाही, आजकाल घरात कुणी गेलं तरी ‘एक्स्पायर झाले’ म्हणतात. तरी तो लोळून हसला, कारण सुधीर जोशींचा चेहरा. आधी दुखवट्याचा, मग हिशोबाचा, मग या दोन्हींच्या मधे कुठंतरी अडकलेला. शब्द मी नंतर समजावला, आणि समजावताना माझ्याच पहिल्यांदा ध्यानात आलं की ही करामत मराठीच्या व्याकरणात आहे. आदरार्थी माणूस ‘वारले’ आणि अनेकवचनी रुपयेही ‘वारले’. क्रियापदाला दोघं सारखेच. दुसऱ्या भाषेत हे कसं नेणार? शंभर वेळा ऐकलेलं वाक्य, आणि पंचेचाळिशीत कळलं.

दुसरा प्रसंग ‘हा माझा बायको’चा. बायकोची ओळख करून देताना घाबरून लिंग चुकतं, एवढाच विनोद. पण कोल्हापुरात त्याचं वेगळंच झालं. आमच्याकडं पोरी "मी जातो", "मी आलो" असंच बोलतात, हे बाहेरच्यांना माहीत असेलच. त्या प्रसंगानंतर दोन मिनिटांनी भाची उठली आणि म्हणाली, "थांबवा जरा, मी पाणी पिऊन येतो." भाच्यानं हात तिच्याकडं करून जाहीर केलं, "हा माझा बहीण." मी भडंगासकट ठसकलो. तेव्हापासून घरात तेच चालू आहे. शाळेच्या बसवाल्या काकांनाही ‘हा माझा बहीण’ अशी ओळख करून दिलीय. असं एखादं वाक्य पोरांनी आपलं करून वापरलं की समजा काम झालं. आपण शिकवलेलं वाक्य त्यांनी परत म्हटलं तर ते धरायचं नाही.

सगळंच टिकलंय असं मात्र नाही. इस्टेटीवर डोळा ठेवणाऱ्या भाच्याचं प्रकरण आज ताणलेलं वाटतं, तिथं पोरं चुळबुळ करायला लागली. बायकांच्या दिसण्यावरनं, वयावरनं मारलेले एक-दोन विनोद घशाखाली उतरत नाहीत. असल्या जागी सिनेमा थांबवून भाषण देऊ नका. पुढंही पळवू नका, पोरांना कळतं काय लपवलं ते. माझी थोरली, अकरावीतली, स्वतःच म्हणाली, "हे काय बरोबर न्हाई." मी फक्त "न्हाईच" म्हणालो आणि बकाणा भरला.

आणि लीलाबाई काळभोर, सिनेमातल्या चौघांची घरमालकीण. लहानपणी ती मला नुसती फसवली जाणारी म्हातारी वाटायची. या वेळी आमची आई शेजारी बसलेली, सत्तरी ओलांडलेली, बाबा जाऊन सहा वर्षं झालेली. डोहाळजेवणाचं गाणं लागलं तसं पोरं टाळ्या पिटायला लागली, लक्ष्मीकांतची हिरवी साडी बघून धाकट्यानं तर उशीच पोटावर बांधली. आई मात्र लीलाबाईकडं बघत होती. म्हणाली, "किती हौसेनं करालीया बघ. आन् ह्यो सगळा खोटा कारभार." गाणं संपेपर्यंत आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळून धरलेलं. म्हणून सांगतो, घरातलं सगळ्यात जुनं माणूस सोबत बसवाच. पोरं हसतात ते कळायला तुमचे कान पुरेत, पण न हसता बघणारं एकजण पाहिजे.

गाणं संपलं आणि सवयीनं मी खरखरीची वाट बघत राहिलो. खरखर आली नाही. पोरांना बारशाची गोष्ट सांगितली तर त्यांनी ते बारसं बघायचंय म्हणून हट्ट धरला. दुकान बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, कॅसेट कुठल्या भंगारात गेली देव जाणे. ते बाळ आता तिशी-पस्तिशीचं असेल.

शेवटाकडं आलो असताना आईचा फोन वाजला. वरची खोली दोन महिने रिकामी आहे, गल्लीच्या तोंडाला पाटी लावलीय. आईनं मला आवाज बंद करायला सांगितलं. पडद्यावर मुकी धावपळ चालू, चारही पोरं आईच्या तोंडाकडं बघतायत. पलीकडनं कुणीतरी पोरगा बोलत होता, पावसामुळं ओरडूनच. आईनं सगळं ऐकून घेतलं, भाडं सांगितलं, पाण्याची वेळ सांगितली.

"ते सगळं हाय," आई म्हणाली, "पण फॅमिली हाय न्हवं?"